डावीकडे वळताना

॥ श्री ॥

मदन महल, जबलपूर
९ डिसेंबर २०२४

ती. स्व. भाऊजींस,
विभावरीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. प्रणोती चहात साखर घालू देत नाही ही तक्रार तुम्ही आता प्रत्येक पत्रात करता, म्हणून यावेळी मी तिची बाजू घेते. या वयात मुलीचं ऐकावं. मला बघा, ऐकण्यावाचून दुसरं काही उरलेलंच नाही.

इकडे थंडी पडली आहे. मटार आला आहे आणि गल्लीतल्या सगळ्या बायका दुपारी उन्हात सोलत बसतात. मीही दाणे काढून फ्रीजमध्ये भरून ठेवले आहेत. तुम्ही आलात तर उसळ होईल, नाही आलात तर सुखदाच्या डब्यात रोज तेच जाईल आणि ती रोज नाक मुरडेल.

आता मुख्य गोष्ट. फोनवर बोलता आलं असतं तर एका मिनिटात झालं असतं, पण गाड्यांच्या फॅक्टरीने तुमचे कान ठेवून घेतले आणि तुम्हाला घरी पाठवलं, त्यामुळे लिहिणं आलं. सुखदाच्या पिकअपमध्ये आवाज येतो. स्टिअरिंग वळवलं की खालून कुठून तरी खट्ट होतं. दर वेळी नाही, पण आपल्या गल्लीत शिरताना, डावीकडे वळताना, बहुतेक होतंच. मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. गुडघ्याची वाटी सरकावी तसा आवाज आहे.

रिछाईचा रामसजीवन मिस्त्री तुम्हाला आठवत असेल, ह्यांच्या वेळेपासूनचा. त्याच्याकडे दोनदा नेऊन झाली. त्याने गाडी जॅकवर चढवली, चाकं हलवून पाहिली, स्वतः शेजारी बसून सुखदाला साऱ्या रिछाईत फिरवून आणलं. काही नाही. गाडी पाहुण्यांसमोर शहाणी मुलं वागतात तशी वागली. शेवटी त्याने मला हात जोडून सांगितलं की माताजी, आवाज गाडीत नाही, तुमच्या मनात आहे. सुखदा माझ्याकडे न बघता हसली. दुसऱ्या दिवशी ती कुंडमहून परत आली आणि वळणावर पुन्हा खट्ट.

ती कुठे जाते हे तुम्हाला माहीत आहे. जनावरांच्या ढेपेची पोती भरून कुंडमला आणि तिथून पुढे जंगलातल्या गावांना. तोच रस्ता. ह्यांनी ज्या रस्त्याच्या कडेला गाडी नीट घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग सीटवरून उठलेच नाहीत, त्या रस्त्यावर माझी मुलगी जवळजवळ रोज जाते. तिने ऑफिसातली नोकरी सोडून वडिलांची गाडी हातात घेतली तेव्हा सगळे नातेवाईक मला बोलले. एकटे तुम्हीच म्हणालात की चालवू दे. म्हणून तुम्हालाच विचारते, आता काय करू. ती म्हणते की आई, तू काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली, गाडी आहे तर आवाज करणारच. मला तो आवाज आवडत नाही, भाऊजी. त्यापुढे मला काही कळत नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, उत्तर येईपर्यंत तो थोडा वाढवून ठेवावा.

आपली,
विभावरी


परतवाडा
१६ डिसेंबर २०२४

चि. विभावरीस,
अनेक आशीर्वाद.

पूर्वी मी तुला चि. सौ. लिहायचो. आता रीतीप्रमाणे जे लिहायचं असतं ते लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतं चि. लिहितो. पोस्टमन रागावणार नाही.

चहाच्या बाबतीत तू शत्रूला जाऊन मिळालीस हे कळलं. आल्हादराव, म्हणजे आमचे जावई, शाळेतून आले की प्रणोतीची पाठ फिरताच चमचाभर घालतात, म्हणून मी टिकून आहे. हे तिला कळवू नये.

आवाजाविषयी. एके काळी फॅक्टरीच्या तपासणीच्या खड्ड्यावर गाडी येत असतानाच, चालवणारा खाली उतरायच्या आत, मी कुठला सांधा गेला ते सांगत असे. आता तू खट्ट लिहितेस आणि मी त्या अक्षरांकडे बघत बसतो. परवा दुपारी पत्र कानाला लावून पाहिलं. प्रणोतीने बघितलं आणि आत गेली. तिला वाटलं असेल, म्हातारा गेला कामातून.

मला एवढं कळव. आवाज गाडी भरलेली असताना येतो का रिकामी असताना? हळू वळताना येतो का वेगात? चाक खड्ड्यात गेल्यावर येतो का? त्या वेळी स्टिअरिंग धरलेल्या हाताला झटका जाणवतो का? हे सुखदालाच विचार, तू अंदाजाने लिहू नकोस.

आणि जॅकवर चढवू नका. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. एकाने बसून स्टिअरिंग जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत सांधे असतात, आपल्या खांद्या-कोपराला असतात तसे. जो सैल झाला असेल तो हाताला टोचतो. कान फसतो, कारण आवाज लोखंडातून फिरून भलतीकडूनच बाहेर पडतो. मिस्त्रीला कंटाळा येत असेल तर तुम्ही दोघी करा, त्यात अवघड काही नाही.

तोवर तिने वजन कमी भरावं आणि हळू जावं. ती ऐकणार नाही हे मला माहीत आहे. तिच्या बापाने, शशीनेही, धाकटा असून माझं कधी ऐकलं नाही, पण मी सांगायचं सोडलं नव्हतं.

मुलीवर आणि माझ्यावर माया असू दे, साखरेचं मी बघून घेईन.

तुझा,
चंद्रशेखर


मदन महल, जबलपूर
२३ डिसेंबर २०२४

ती. स्व. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं सुखदाला विचारून लिहिते आहे. भरलेली असताना जास्त येतो. हळू वळताना येतो. खड्ड्यातही येतो. हाताला झटका लागतो का, यावर ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली की थोडा लागतो, पण सवय होऊन राहिली. ही सवय मला घाबरवते.

गुरुवारी आम्ही तुमचा प्रयोग केला. सकाळीच उरलेली पोती उतरवून गाडी धुतली. आपल्या घरची शिस्तच आहे ना, तपासायची गाडी आधी धुवायची. मिस्त्रीकडे नेतानाही सुखदा रिकामी करून, पाइप लावून, चाकांच्या आतला चिखलसुद्धा काढून नेते. अगदी वडिलांवर गेली आहे. मग ती गोणपाट टाकून गाडीखाली शिरली आणि मी स्टिअरिंगवर बसले. ह्यांच्यानंतर त्या सीटवर मी पहिल्यांदा बसले, भाऊजी. तिने सीट पुढे ओढून घेतली आहे. मी जोरजोरात फिरवत होते आणि ती खालून ओरडून सांगत होती की आई, इतकं जोरात नाही, धीरे धीरे. शेजारचे दोघे-तिघे चहाचे कप घेऊन बघायला आले. तिने एकेका सांध्यावर हात ठेवला. काही टोचलं नाही. दुपारपर्यंत माझे खांदे दुखून आले, एवढंच निष्पन्न.

शुक्रवारी ती कुंडमला गेली आणि संध्याकाळी वळणावर खट्ट. या वेळी शेजारच्यांनीही ऐकलं, तेवढंच बरं वाटलं मला. म्हणजे मी वेडी नाही. रामसजीवनने पुन्हा बघून अंदाजाने एक दांडा बदलला. म्हणाला की याने जाईल. नाही गेला.

रविवारी मी तिला जाऊ नको म्हटलं. ती म्हणाली की पोती भरून तयार आहेत, तिकडे लोकांची जनावरं ढेपेची वाट बघत असतात, मी घरी बसून काय करू. मी किल्ली ज्वारीच्या डब्यात लपवली. तिने दुसरी किल्ली काढली आणि जाताना मला सांगून गेली की डब्यातली काढून ठेव, दळणात जाईल. त्यानंतर आमचं बोलणं जेवण झालं का आणि दार लाव एवढ्यावर आलं आहे.

भाऊजी, मला तिला बांधून ठेवता येत नाही आणि गाडी दुरुस्त करता येत नाही. दिवसभर मी फक्त उभी असते. चार वाजल्यापासून तर स्वयंपाकघरातून हलत नाही. भाजी चिरते, पुन्हा चिरते. काल इतकी कोबी चिरली की दोन्ही शेजाऱ्यांकडे दिली. तुम्हाला काही सुचलं तर लवकर कळवा.

पत्र लांबलं. राग नसावा, लोभाचं मात्र बघा.

आपली,
विभावरी


परतवाडा
३१ डिसेंबर २०२४

चि. विभावरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मला चैन नाही. भरल्या गाडीत, हळू वळताना, हाताला झटका. ही लक्षणं चांगली नाहीत. चाकाजवळचा सांधा असेल तर तो एक दिवस नुसता खट्ट करून थांबत नाही, सुटतो. मग चाक आडवं होतं. यापुढे लिहीत नाही. मला जे माहीत आहे ते तुला कळवून तुझी झोप घालवायची, का न कळवता गप्प बसायचं, हेच मला ठरवता येत नव्हतं. शेवटी लिहिलंच.

परवा आल्हादरावांना सुखदाला फोन लावायला लावला. मी समोर बसून त्यांच्या ओठांकडे बघत होतो. ते बराच वेळ बोलले, हसले, मान हलवली, आणि फोन ठेवून मला पाटीवर लिहून दाखवलं: सगळं ठीक आहे. एवढ्या बोलण्यातून माझ्यापर्यंत एवढंच आलं. मी विचारलं की डाव्या चाकाचं विचारलंत का. त्यांनी पुन्हा लिहिलं की ती म्हणाली काळजी करू नका. चांगला माणूस आहे, पण त्याला सायकलची चेनही बसवता येत नाही. दोष त्याचा नाही.

मग मी जबलपूरला यायचं काढलं. प्रणोतीने माझी पिशवी उचलून कपाटावर ठेवली. पाटीवर लिहिलं की बाबा, थंडी आहे, गुडघा आहे, गाडीत कोणी काय बोललं ते ऐकू येत नाही, वाटेत काही झालं तर आम्हाला कोण सांगेल. तिचं चुकत नाही. कपाटावरची पिशवी मला खाली काढता येत नाही, ही माझी आजची अवस्था. तू स्वयंपाकघरात उभी असतेस, मी इथे खुर्चीत बसलेला असतो.

मला काही सुचत नाही, विभावरी. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

तुझा,
चंद्रशेखर

ता. क. १ जानेवारी. पत्र टाकायला निघालो होतो, कोपऱ्यावरून परत आलो. जाता जाता तुझं पत्र मनात पुन्हा वाचत होतो आणि एका ओळीवर अडलो.

तुम्ही गाडी धुता. मिस्त्रीकडे गेलात तेव्हा धुऊन, घरी तपासलीत तेव्हा धुऊन. आणि ज्या ज्या दिवशी धुतली त्या त्या दिवशी आवाज आला नाही. चाकाजवळ गोळीचा एक सांधा असतो, मिस्त्री त्याला बॉल जॉइंट म्हणतात. त्यावर रबराची टोपी असते. ती फाटली की आतलं ग्रीस जातं, धूळ शिरते आणि सांधा कोरडा पडून खट्ट करतो. अशा सांध्यात पाइपाचं पाणी गेलं की तो दिवसभर गप्प बसतो, तापात तोंडावर पाणी मारल्यावर माणसाला बरं वाटतं तसा. मग पाणी सुकतं, आत गंज धरतो आणि आजार आणखी वाढतो. तुम्ही दर वेळी आजार झाकून वैद्याकडे नेलात. ही शिस्त आमच्या खड्ड्यावरची, न धुतलेली गाडी आत घ्यायची नाही ही. शशीने ती माझ्याकडून घेतली आणि सुखदाने त्याच्याकडून. आम्ही तिघेही शिस्तीचे, बघ.

गाडी धुऊ नका. भरलेली, धुळीने माखलेली, आहे तशी सरळ रिछाईला न्या आणि तिथे जमिनीवर उभी करून हात लावून बघायला सांगा. आणि ते होईपर्यंत तिने जंगलातल्या रस्त्यावर जाऊ नये. आल्हादरावांना आत्ता हे सगळं सुखदाच्या फोनवर लिहायला सांगितलं. त्यांनी लिहून मला दाखवलं: काका म्हणतात, गाडी धुऊ नको. बाकीचं पत्रात येतंय. मी कपाळाला हात लावला. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो.


मदन महल, जबलपूर
९ जानेवारी २०२५

ती. काकांना,
सुखदाचा सा. न.

वर काय लिहायचं ते आईला विचारलं असतं तर तिला कळलं असतं मी लिहून राहिली, म्हणून तिच्या कागदांत पाहून लिहिलं. मला मराठी बोलता येते, लिहायची सवय नाही. चुका दिसल्या तर हसा, पण आईला दाखवू नका.

पहिले सॉरी. तुमचा मेसेज आला की गाडी धुऊ नको, तर मला वाटलं काका आता पूर्ण म्हातारे झाले. मी नाही धुतली, पण आळस म्हणून. तुमचं लेटर आलं तोपर्यंत मी कुंडमच्या दोन चकरा करून आली होती. हे पण आईला सांगू नका.

लेटर वाचलं आणि खरं सांगते, लगेच पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी रिछाईतच पोती भरली, कच्च्या रस्त्याने फिरवून घेतली आणि खट्ट खट्ट वाजत असताना तशीच रामसजीवन चाचांकडे नेली. ते ओरडले की बिटिया, ये क्या हाल बना रखा है, धुऊन आण. मी म्हटलं की काकांचा ऑर्डर आहे, अशीच बघा. मी स्टिअरिंग हलवलं, त्यांनी खाली हात ठेवला. डाव्या चाकाजवळ आल्यावर त्यांनी हात तिथेच धरून ठेवला. टोपी फाटलेली होती, आतून गंजाचं पाणी निघालं. खोलून पाहिलं तर गोळी जवळजवळ हातातच आली. काका, ते बाहेर येऊन स्टुलावर बसले आणि पाणी प्यायले. मग म्हणाले की नर्मदा मैया ने रख लिया, आणि तुम्हाला नमस्ते सांगितला. दोन्ही बाजूंचे नवीन बसवले. आता काहीच आवाज नाही. भरून, धुळीत, वळणावर, सगळं करून पाहिलं.

आता प्रॉब्लेम आईचा आहे. मला वाटलं होतं ती खुश होईल. ती दोन दिवस छान होती, शिरा वगैरे केला. मग म्हणाली की ब्रेक दाखवून आण. ते दाखवले. मग टायर, मग लाइट. काल म्हणाली की प्रत्येक गावातून फोन कर. कुंडमच्या पुढे नेटवर्क नसते, हे तिला माहीत आहे. मी चिडली. ती कोबी चिरत बसली. काका, ती गाडीला घाबरून राहिली का कशाला, मला समजत नाही. तुम्ही तिला लिहा. तुमचं ती ऐकते.

अजून एक. सगळे विचारतात की पप्पांच्या त्या जागेवरून जाताना मला कसं वाटतं. लोकांना वाटते मी हात जोडत असेन. मी काहीच नाही करत. तिथे रस्ता चांगला आहे, मी तिसरा गिअर चौथा करते आणि जाते. हे वाईट आहे का? कोणाला विचारायला मिळालं नाही म्हणून तुम्हाला विचारलं.

प्रेम असू द्या, शेवटी असंच लिहितात ना.

तुमची,
सुखदा


परतवाडा
१५ जानेवारी २०२५

चि. विभावरीस,
अनेक आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे, प्रणोतीने केला, म्हणून गूळ कमी.

गाडीची बातमी कळली. कशी कळली ते विचारू नकोस. तो दिवसभर मी घरात असा फिरत होतो की नातवंडं असती तर घाबरली असती. आल्हादरावांनी त्या आनंदात दोन चमचे घातले.

आता ऐक. रामसजीवनने दोन्ही सांधे बदलले, ब्रेक बघितले, टायर बघितले. मी तपासणीत इतकी वर्षं काढली, त्या अधिकाराने लिहून देतो की गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे. तेव्हा चार वाजता स्वयंपाकघरात उभं राहायचं बंद कर, निश्चिंत झोप, आणि पोरीला प्रत्येक गावातून फोन करायला लावू नकोस. मुलीने इतकं केलं, तू एवढं कर.

तिला माझा वेगळा निरोप सांग: तिने विचारलं त्यात वाईट काही नाही, चौथा गिअर टाकत जावा. काय ते तिला कळेल.

आशीर्वाद आहेतच, मायाही.

तुझा,
चंद्रशेखर


मदन महल, जबलपूर
२३ जानेवारी २०२५

ती. स्व. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. गूळ कमी असला तरी गोड बोलेन म्हणते, बघू जमतं का.

तुम्ही निश्चिंत झोप लिहिलंत. मी झोपले नाही, भाऊजी. आवाज गेला तेव्हा मला खरंच हायसं वाटलं, देवापुढे नारळ फोडला. आणि तिसऱ्या दिवशी चार वाजले तसे माझे पाय आपोआप ओट्यापाशी गेले. मी कानोसा घेत उभी राहिले. गाडी आली, वळली, काही वाजलं नाही, आणि माझी छाती तशीच धडधडत होती. तेव्हा मला कळलं की मला त्या खट्टची भीती नव्हतीच. तो असताना निदान मला बोट दाखवायला जागा होती. शेजारणींना सांगता येत होतं, मिस्त्रीला सांगता येत होतं, तुम्हाला लिहिता येत होतं. आता मी कुणाला काय सांगू.

ह्यांच्या गाडीत त्या दिवशी काय बिघडलेलं होतं? काही नाही. तेराव्यानंतर तुम्हीच अंगणात ती तपासली होतीत आणि म्हणाला होतात की गाडीत कुठेही खोट नाही. ब्रेक चांगले, स्टिअरिंग चांगलं, टायर नवे. सगळं चांगलं असताना ते घरी आले नाहीत. मग मी रामसजीवनला काय बघायला सांगू?

सोमवारी मी तिच्याबरोबर कुंडमला गेले. तिने आधी कुरकुर केली, मग शेजारच्या सीटवर उशी ठेवली. गाडी ती चांगली चालवते. ह्यांच्यापेक्षा चांगली चालवते, हे तुम्हाला म्हणून लिहिते. मी रस्त्याकडे बघितलं नाही, सगळा वेळ तिच्या हातांकडे बघत होते. एका ठिकाणी तिने गिअर बदलला आणि गाडी जरा वेगात पुढे गेली. ती समोर बघत होती. जागा तीच होती हे मला कळलं आणि तुमचा निरोपही कळला. कुंडमला एका दुकानदाराने मला चहा पाजला आणि सांगितलं की दीदी वेळेवर येते, कधी खाडा नाही. मला अभिमान वाटला आणि रडूही आलं.

मला वाटलं होतं, एकदा रस्ता बघितला की भीती जाईल. मंगळवारी सकाळी ती निघाली आणि मी होते तिथेच. तिला मी आता काही म्हणत नाही. फोनही मागत नाही. तुमचं तेवढं ऐकलं. पण चारला पाय ओट्यापाशी जातातच.

म्हणून एक मागते. दुरुस्त करायला इथे काही नाही, तुम्ही सल्लाही देऊ नका. थंडी सरली की प्रणोतीला सांगून, आल्हादरावांना बरोबर घेऊन या आणि थोडे दिवस राहा. दुपारी चारला ओट्यापाशी एक खुर्ची टाकते. ती येईपर्यंत नुसते बसा. बोललं नाही तरी चालेल. मी एकटी उभी राहून फार थकले.

साखर मी घालेन. यायला नाही म्हणू नये.

आपली,
विभावरी


परतवाडा
३१ जानेवारी २०२५

चि. विभावरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र प्रणोतीला वाचायला दिलं. तिने वाचलं आणि कपाटावरची पिशवी स्वतः खाली काढली. फेब्रुवारीच्या शेवटी आल्हादरावांना सुट्टी आहे, ते मला सोडायला येतील.

गाडी रस्त्यायोग्य आहे हे मी मोठ्या तोऱ्यात लिहून दिलं. ते लिहिल्यापासून मीही इथे चार वाजले की घड्याळाकडे बघतो. इथून काय दिसणार आहे, पण बघतो. तुझ्या भीतीवर माझ्याकडे उपाय नाही. बसायला मात्र येतो.

एक अडचण आहे. मी खुर्चीत बसेन, पण गाडी गल्लीत आली, थांबली, सुखदा दारात आली, यातलं काहीही मला ऐकू येणार नाही. तुझा जीव भांड्यात पडेल तेव्हा माझा तसाच टांगलेला राहील. आपल्यात धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याला हात लावायची रीत नाही, हे मला माहीत आहे, आणि लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू ती पाळली आहेस. आता मोड. ती आली की माझ्या खांद्यावर हात ठेव, म्हणजे मला कळेल.

भेटीपर्यंत माया राखून ठेव.

तुझा,
चंद्रशेखर